साखळी तपासली होती का?

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर एक लोखंडी साखळी पडलीय, गोणपाटात गुंडाळलेली. ३३ फुटी. माझे वडील अण्णा भूकरमापक होते, म्हणजे गावाच्या भाषेत मोजणीवाले साहेब, आणि त्यांच्या सुरुवातीच्या काळात शेत मोजायचं म्हणजे शंकू (काटकोन धरायचं साधन) आणि साखळी. साखळीचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे, आणि एक साखळी लांब एक साखळी रुंद जमीन म्हणजे बरोब्बर एक गुंठा. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. मला हे बाराच्या पाढ्याआधी पाठ होतं. रिटायर होताना ऑफिसच्या भंगारातून त्यांनी ती रीतसर पावती फाडून विकत घेतली, आई अजून टोमणा मारते की लोक रिटायरमेंटला शाल-नारळ घेऊन येतात आणि आमच्याकडे बेडी आली.

तर ही साखळी मला आठवायचं कारण म्हणजे आमचं हिंगोलीकडचं वावर. औंढ्याच्या बाजूला. तात्यांच्या (अण्णांचे चुलतभाऊ) आणि आमच्या वावरात एकच बांध, आणि त्या बांधावरून पंधरा वर्षं बोलणं कमी आणि खाकरणं जास्त असा प्रकार चालू आहे. पहिली मोजणी झाली तेव्हा आमच्याकडे २ एकर ३६ गुंठे निघाले. मग तात्यांनी परत अर्ज टाकला, यावेळी उपग्रहाशी बोलणारं रोव्हर मशीन आलं, आणि निघाले २ एकर ३३ गुंठे. दोन मोजण्या, दोन क प्रती (मोजणीचे सरकारी नकाशे), दोन्हींवर सही-शिक्का, आणि मध्ये तीन गुंठे हवेत. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं पण भांडण कायम गुंठ्यातच होतं, हा महाराष्ट्राचा नियम आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं मोजली त्याला स्वतःच्या शेतात टेप धरायची सोय नाही, तात्या म्हणणारच की घरचं माप.

मागच्या दिवाळीत आम्ही गावाकडे होतो. रात्री लाईट गेली, नेहमीसारखी, आणि आम्ही गच्चीवर. मला आकाशाचा नाद कॉलेजपासून, आणि गावाकडचं आकाश म्हणजे विचारू नका, पुण्यात जे तारे मोजून घ्यावे लागतात ते इथे अंगावर येतात. मी अण्णांना उत्तरेकडे शर्मिष्ठेच्या तारकासमूहाचा इंग्रजी एम दाखवला, बाजूला देवयानीचा समूह, आणि देवयानीत तो धुरकट ठिपका, नजर थोडी तिरकी करून बघितलं की दिसतो. ती अख्खी दुसरी दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेसारखीच, २५ लाख प्रकाशवर्षं लांब.

अण्णा म्हणाले, "मोजलं कुणी?"

हा प्रश्न इतका त्यांचा होता की मला हसू आलं. दुसरा कुणीही म्हणाला असता बापरे किती लांब. यांना मोजणीदाराचं नाव पाहिजे.

मग मी सांगत बसलो. हेन्रिएटा लेव्हिट नावाची एक बाई, हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटांवर तारे तपासायचं काम, पगार तासाला ३० सेंट. काही तारे असे असतात की त्यांचा प्रकाश ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतो, त्यांना सेफीड म्हणतात, त्यातला नमुन्याचा तारा शर्मिष्ठेच्या शेजारच्या वृषपर्व्यात आहे, सव्वापाच दिवसांच्या आसपास त्याचं एक आवर्तन. लेव्हिटबाईंनी १९१२ साली लहान मॅगेलनी ढगातल्या (ही आपल्या शेजारची छोटी दीर्घिका) अशा २५ ताऱ्यांचा तक्ता मांडला आणि दाखवलं की ज्याचं आवर्तन लांब तो तारा मुळातच जास्त तेजस्वी. एवढंच. पण एवढ्यात सगळं आलं, कारण आवर्तन घड्याळाने मोजता येतं, त्यावरून खरं तेज कळतं, आणि खरं तेज माहीत असलं की तो किती मंद दिसतो यावरून अंतर. १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून याच देवयानीच्या ठिपक्यात असा तारा सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे हे सिद्ध झालं. लेव्हिटबाई त्याआधी दोन वर्षं कॅन्सरने गेल्या होत्या. स्वीडनच्या एका गणितज्ञाने नंतर त्यांच्या नावाची नोबेलसाठी चौकशी करणारं पत्र पाठवलं तेव्हा त्या हयातच नव्हत्या.

"म्हणजे साखळी बाईची, नाव साहेबाचं," अण्णा म्हणाले. ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढचं सांगायला मला मजा येत होती, अंधारात माणूस जरा जास्तच बोलतो. या दीर्घिकांचा प्रकाश तपासला की बहुतेकांचा तांबड्याकडे सरकलेला दिसतो, म्हणजे त्या लांब चालल्यात. हबलबरोबर हे काम करणारा मिल्टन ह्यूमसन हा गडी आधी त्याच डोंगरावर खेचरं हाकायचा, दुर्बिणीचं सामान वर न्यायला, मग वेधशाळेत झाडलोट, मग रात्रीचा मदतनीस, आणि शेवटी जगातले सगळ्यात अवघड वर्णपट (प्रकाशाच्या रंगपट्ट्या) तोच काढायचा. १९२९ मध्ये हबलने मांडलं की जी दीर्घिका जितकी लांब तितकी ती वेगाने लांब पळतेय. बेल्जियमच्या लमेत्र नावाच्या पाद्र्याने हे दोन वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं, पण फ्रेंचमध्ये आणि फार कोणी न वाचणाऱ्या जर्नलमध्ये. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान घेऊन नियमाला दोघांचं नाव दिलं.

अण्णा थोडा वेळ गप्प. मग, "सगळंच वाढतंय तर आपलं वावर कामून वाढंना?"

चांगला प्रश्न आहे, आणि लोकांना तो विचारायला लाज वाटते. वावर वाढत नाही कारण ते पृथ्वीला चिकटलेलं आहे, पृथ्वी सूर्याच्या गुरुत्वाकर्षणात, सूर्य आकाशगंगेत, आणि ही देवयानी तर उलट आपल्याकडेच येतेय. जिथे गुरुत्वाकर्षणाची पकड आहे तिथे काही ताणलं जात नाही. ताणली जाते ती दीर्घिकांच्या झुंडी-झुंडींमधली मोकळी जागा.

"म्हणजे गायरान वाढतंय, गावठाण तेवढंच."

मी हे वाक्य तेव्हाच मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. पंचवीस वर्षं पॉप्युलर सायन्स वाचतोय, विश्व वाढतंय हे सांगायला फुग्यावरचे ठिपके आणि पावातले मनुके याच उपमा वाचून कंटाळा आलाय.

आता खरा मुद्दा, वाढतंय किती? याला हबल स्थिरांक म्हणतात, आणि हा आकडा म्हणजे खगोलशास्त्रातलं सगळ्यात जुनं बांधाचं भांडण. हबलचा स्वतःचा आकडा आला ५०० च्या आसपास, म्हणजे दर मेगापार्सेकला (३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ५०० किलोमीटर. तो खरा मानला तर विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघतं, आणि पृथ्वीवरचे दगड त्याहून म्हातारे! १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने दाखवलं की सेफीड तारे एका जातीचे नाहीतच, दोन जाती आहेत, आणि आपण एकीचं माप दुसरीला लावत होतो. एका झटक्यात देवयानीचं अंतर दुप्पट झालं.

इथे अण्णा उठूनच बसले. "साखळी तपासली नव्हती!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधीही ऐकलं होतं पण त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. लोखंडी साखळी वापरून वापरून लांबते. कड्या झिजतात, जोड उघडतात, ओढून ओढून दोन इंच कधी वाढले कळत नाही. आणि साखळी लांबली की जमीन कमी भरते. एखाद्या वेळी खुंटी चुकीची ठोकली तर ती चूक दुसऱ्या वेळी निघते, एकदा जास्त एकदा कमी होऊन हिशोब जुळतो, पण साखळीच खोटी असेल तर शंभर वेळा मोजा, शंभर वेळा तेच खोटं उत्तर, आणि प्रत्येक वेळी आधीच्याशी जुळतंय म्हणून माणूस खूश! म्हणून त्यांच्या ऑफिसच्या आवारात दोन दगड पुरलेले होते, वर ३३ फुटाच्या खुणा, रोज सकाळी साखळी त्या दगडांवर लावून बघायची, मगच शेतात जायचं. किती जण बघायचे हे विचारू नका असंही म्हणाले.

मला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सिस्टिमॅटिक एररची व्याख्या पाठ करायला लावली होती. मार्क मिळाले, डोक्यात काही गेलं नव्हतं.

बाडेनंतरही भांडण मिटलं नाही. पुढे कित्येक वर्षं अ‍ॅलन सँडेजची बाजू ५० म्हणायची आणि जेरार द व्होकुलरची १००, दोघंही आपापल्या चुकीची मर्यादा दहा टक्क्यांच्या आसपास सांगायचे, आणि दोघांमध्ये दुपटीचा फरक. वेंडी फ्रीडमनच्या टीमने हबल दुर्बीण वापरून २००१ मध्ये ७२ आणला, अधिक-उणे ८, आणि सगळ्यांना वाटलं चला संपलं.

पण मधल्या काळात, १९९८ मध्ये, वेगळीच भानगड झाली होती. एक टीम सॉल पर्लमटरची, दुसरी ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीसची. दोघांना मोजायचं होतं की विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय, कारण सगळ्या वस्तुमानाचं गुरुत्वाकर्षण ते आवरणार हे उघड होतं. माप होतं टाइप वन-ए अतिनवतारे: श्वेतबटू म्हणजे जळून संपलेल्या लहान, दाट ताऱ्यावर वस्तुमान साचत जातं, सूर्याच्या साधारण १.४ पटीला तो टेकला की अख्खा फुटतो. ही १.४ ची मर्यादा चंद्रशेखर यांनी काढलेली, १९३० मध्ये भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर त्याचं गणित सुरू झालं, वय १९. सगळे साधारण सारख्याच ठिकाणी फुटतात म्हणून प्रकाशही साधारण सारखा, थोडीफार दुरुस्ती केली की एकाच वॅटचे बल्ब समजा. तर हे लांबचे बल्ब हिशोबापेक्षा मंद दिसले, म्हणजे हिशोबापेक्षा लांब गेलेले, म्हणजे प्रसरण मंदावण्याऐवजी वाढतंय. दोन टीम, एकमेकांना हरवायला निघालेल्या, आणि दोघांचं उत्तर तेच. २०११ चं नोबेल तिघांना मिळालं. ज्या कशामुळे हे होतंय त्याला डार्क एनर्जी म्हणायचं ठरलं, आणि ती विश्वाच्या एकूण मालमत्तेच्या ६८ टक्के भरते. तारे, दगड, तात्या, आपण, सगळे मिळून ५ टक्के.

हे काय आहे? सगळ्यात साधं उत्तर आइनस्टाइनचं १९१७ चं, की रिकाम्या जागेलाच एक ऊर्जा असते, जागा वाढली की तीही वाढते, पातळ होत नाही. क्वांटम सिद्धांतातून रिकाम्या जागेची ऊर्जा काढायला गेलं तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा ढोबळमानाने एकावर १२० शून्य इतक्या पट जास्त येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे फार कोणी सांगत नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर, फ्रेड हॉईलबरोबर ज्या स्थिर स्थिती सिद्धांतावर (विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या) आयुष्यभर काम करत राहिले, त्या सिद्धांतात विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानेच होतं. मूळ मांडणी १९४८ ची. म्हणजे १९९८ मध्ये जे बघून सगळे हादरले, ते त्या वहीत आधीपासून होतं. आता तो सिद्धांत इतर कारणांनी मागे पडला, महास्फोटाचा मागे राहिलेला प्रकाश त्याला नीट समजावता आला नाही, हे खरंच आहे आणि त्याला भक्तीने झाकू नये. पण पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मी त्यांना एकदा शाळेच्या पोरांना उत्तरं देताना पाहिलंय, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा म्हणायचे. २० मे २०२५ ला ते गेले. बहुमताच्या विरुद्ध पन्नास-साठ वर्षं उभं राहायचं आणि आवाज चढवायचा नाही, हे मला विज्ञानापेक्षाही अवघड वाटतं. असो.

तर सध्याचं भांडण. एका बाजूला रीस आणि मंडळी, आधी जवळच्या सेफीडांचं अंतर थेट भूमितीने, मग सेफीडांवरून अतिनवतारे, मग त्यावरून लांबच्या दीर्घिका, असं पायरीपायरीने मोजत आणतात ७३.०४, अधिक-उणे १.०४. दुसऱ्या बाजूला प्लँक उपग्रहाची मंडळी. ते विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश बघतात, त्यातल्या सूक्ष्म डागांवरून तेव्हाचं विश्व कसं होतं ते काढतात, मग समीकरणं चालवून म्हणतात आज वेग ६७.४ असायला हवा, अधिक-उणे ०.५. ६७ आणि ७३. कोणाचीच मर्यादा दुसऱ्याला शिवत नाही.

मी अण्णांना म्हटलं, फरक सव्वाआठ टक्के, आपल्या ११६ गुंठ्यांवर लावला तर साडेनऊ गुंठे.

"चूक. साखळीत आठ टक्के खोट असंल तर लांबीत आठ आन् रुंदीत आठ. क्षेत्रात सतरा धर. वीस गुंठे जातील. अर्धा एकर!" आणि हे "अर्धा एकर" ते असे म्हणाले की विश्वाबद्दल त्यांना खरोखर काळजी वाटली असावी.

मग प्रश्न सुरू. बेस, म्हणजे मोजणीची पहिली पक्की लांबी, कुठला धरला? म्हटलं तीन वेगवेगळे धरतात, आपल्याच आकाशगंगेतले तारे गाया उपग्रहाने मोजलेले, मोठा मॅगेलनी ढग, आणि एक दीर्घिका जिच्या मध्यावर पाण्याच्या वाफेचे ढग फिरतात, त्यांच्या फिरण्यावरून अंतर निघतं. तिन्ही जुळतात. बरं, खुणा नीट दिसतात का, की गवतात दुसऱ्याची खूण आपली म्हणून धरली? हा तर फार मुद्द्याचा, कारण हाच आरोप होता, लांबच्या दीर्घिकांत गर्दी असते आणि शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश सेफीडात मिसळून तो उगाच तेजस्वी दिसतो. मग जेम्स वेब दुर्बिणीने तेच तारे जास्त स्पष्ट बघितले, आणि मापं तीच निघाली. गर्दीचा संशय फिटला. फ्रीडमन मात्र त्याच वेबने, लाल राक्षसी तारे वगैरे दुसरी मापं धरून, ७० च्या आसपास आणतात, म्हणजे पुरावे जितके चांगले तितकी बाजू दोन्हीकडची भक्कम.

"मधला आकडा म्हणजे तंटामुक्ती," अण्णा म्हणाले. मी त्यांना सांगितलं की तसं नाही, त्या बाईंनी मधला काढला नाही, मोजला आहे. त्यावर काही बोलले नाहीत. पटलं नसावं.

मग त्यांनी जे विचारलं त्यावर मी आजही अधूनमधून विचार करतो. म्हणाले, यातला एक जण जमिनीवर मोजतोय, दुसरा जुन्या नकाशावरून सांगतोय ना? नकाशा बरोबर असला तर उत्तर बरोबर. पण तेव्हापासून आजपर्यंत मधे काय झालं ते नकाशाला माहीत आहे का? ओढा सरकला असेल.

बरोबर हेच. प्लँकचा ६७ हा मोजलेला नाही, काढलेला आहे, आणि काढताना धरलंय की डार्क एनर्जी सगळा वेळ एकसारखी राहिली आणि सुरुवातीच्या काळात आपल्याला न कळलेलं काही घडलं नाही. ओढा सरकला असेल तर? अ‍ॅरिझोनात किट पीकवर डेसी नावाचं यंत्र आहे, ५००० बारीक रोबोट, प्रत्येकाच्या टोकाला एक फायबर, एका वेळी ५००० दीर्घिकांचा प्रकाश पकडतात. त्यांच्याकडे एक नैसर्गिक मापपट्टी आहे, बाळ विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या मांडणीत सोडलेलं सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचं अंतर. निसर्गाने स्वतः ठेवलेली साखळी! २०२४ आणि २०२५ मध्ये जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (फार लांबच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे) मोजून त्यांनी म्हटलं की डार्क एनर्जी कदाचित स्थिर नाही, हळूहळू कमजोर होतेय. कोणते अतिनवतारे सोबत धरता त्यावर खात्री २.८ ते ४.२ सिग्मा. शोध म्हणायला ५ लागतात. गंमत म्हणजे हे खरं निघालं तरी ६७-७३ चं भांडण सुटत नाही, उलट थोडं चिघळतंच. इंग्रजी बातम्यांनी आइनस्टाइन चुकला असा मथळा लगेच करून टाकला, मी शपथेवर सांगतो त्यातल्या निम्म्यांनी ४.२ च्या आधीचं २.८ वाचलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गाडी काढायला लावली. कारण बोलता बोलता मी सांगून बसलो होतो की साखळीशिवाय अंतर मोजायची एक रीत आहे आणि ती आपल्या औंढ्यात येतेय. दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गोळे) एकमेकांत कोसळले की अवकाशात थरथर उठते, आणि त्या थरथरीच्या आकारावरूनच ती किती लांबून आली हे थेट निघतं, मध्ये सेफीड नाही, अतिनवतारा नाही, कुठलीच पायरी नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक पकडली, पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणही आले, दीर्घिका सापडली, आणि हबल स्थिरांक आला ७०. अधिक १२, उणे ८. म्हणजे दोन्ही पक्ष खूश, कोणीच हरलं नाही. अशा बऱ्याच घटना जमल्या तर मर्यादा आवळत जाईल. त्यासाठीच जास्त यंत्रं पाहिजेत, म्हणून लायगो-इंडिया ही अशी थरथर पकडणारी वेधशाळा, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ ची, २६०० कोटी. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा.

रस्त्यावरून काही फार दिसत नाही. माळ, थोडी तूर, काढलेल्या सोयाबीनचे सड, लांबवर कुंपण. आम्ही गाडी बाजूला लावली. अण्णा डोळ्यांवर हात धरून बघत राहिले, मग विचारलं की लंब कुणी टाकला. शंकूवर त्यांनी आयुष्यभर काटकोन धरले, त्यांना दुसऱ्याचा काटकोन सहजी पटत नाही. मी म्हटलं चार किलोमीटरवर पृथ्वीची गोलाईसुद्धा मीटरभर आडवी येते, तीही धरावी लागते. याने मात्र ते खूश झाले.

"चार किलोमीटर म्हणजे?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच बोटांवर केलं. "तीनशे अठ्ठ्याण्णव साखळ्या. दोन्ही बाजू धरून आठशे." मग गाडीत बसता बसता, "दोन दिवस लागतील. दोन पोरं लागतील साखळी धरायला, तात्याचा पोरगा नको."